मेनूत नसलेलं पान

आमच्या ऑफिसात ताईंना पाठीमागे सगळे 'टाचणी' म्हणतात. बुटक्या, काटकुळ्या, आणि कुठलं वाक्य ढिलं दिसलं की नेमक्या तिथे टोचणार. त्यांना हे नाव माहीत आहे. "बरं झालं, खिळा नाही म्हणालात," एवढंच त्या एकदा म्हणाल्या आणि पुन्हा कुणाच्या तरी मजकुरातला 'कृपया' खोडायला लागल्या. 'कृपया'शी त्यांचं हाडवैर आहे. ज्याला घाई आहे त्याला 'कृपया' वाचायला वेळ नसतो, आणि ज्याला घाई नाही तो आमचा मजकूर वाचतच नाही, असं त्यांचं म्हणणं.

आमची कंपनी घरी वापरायचे रुग्णांचे बेड बनवते. बटण दाबलं की डोक्याकडची बाजू वर, दुसरं दाबलं की पायाकडची. हे बेड कसे वापरायचे ते लिहायचं काम ताईंचं, आणि ते ज्या वेबसाइटवर दिसतं ती चालू ठेवायचं काम माझं. लोकांना वाटतं मी फार डोकेबाज काहीतरी करतो. खरं तर मी एक साचा बनवला आहे. ताई मजकूर देतात, तो साच्यात पडतो आणि पान तयार होतं. डावीकडे मेनू, वर शोधायची चौकट, तळाशी 'मागचं पान' आणि 'पुढचं पान'. अशी चारशे बारा पानं, सगळी एका आईची लेकरं वाटावीत इतकी सारखी. मला या साच्याचा अभिमान होता. तो कुणाला दाखवायची सोय नव्हती ही गोष्ट वेगळी. साचा नीट असला तर दिसत नाही, आणि दिसला तर तक्रार येते.

साडेतीन वर्षांपूर्वी ताईंच्या सासूबाई गेल्या. दोन वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या, आमच्याच कंपनीच्या बेडवर. पंधरा दिवसांनी ताई कामावर आल्या, टेबल पुसलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या साच्यात न पडणारं पान करता येतं का रे?"

मी नाक मुरडलं. "येतं की. एक वेगळा फोल्डर आहे. त्यात फाइल टाकली की तिचं पान होतं. फाइलचं जे नाव, तोच पत्ता. पण त्याला मेनू नाही, शोध नाही, मागेपुढे जायची बटणं नाहीत. तुम्ही जे ठेवाल तेवढंच दिसणार. मेनूत नाव नाही म्हणजे साइटवरून कुणाला सापडणारही नाही."

"चालेल."

"अहो, पण मेनू नसेल तर माणूस पुढे जाणार कसा?"

"त्याला पुढे जायचंच नाहीये," ताई म्हणाल्या. "त्याला बेड खाली आणायचाय."

मी खांदे उडवले. हा माझा स्वभावच आहे. कसं करायचं ते मी विचारून विचारून समोरच्याचा जीव नकोसा करतो, कशासाठी करायचं ते विचारत नाही. ताईंनी मला बाजूला बसवून सगळं शिकून घेतलं. बावन्न वर्षांची बाई, आयुष्यात कधी कोड लिहिलेलं नाही, पण तीन आठवड्यांत तिने स्वतःच्या हाताने ते पान उभं केलं. अक्षर किती मोठं, ओळींत अंतर किती, रंग कुठला, सगळं साच्यात आयतं मिळतं ते इथे नव्याने ठरवायचं होतं. त्याचा त्यांना त्रास झाला नाही, उलट मजा यायला लागली. "घरात एक खोली आपली आपण लावावी तसं वाटतंय," त्या म्हणाल्या.

तपासायची त्यांची पद्धत बघून समोरच्या टेबलावरचे हसायचे. डावा हात खुर्चीच्या पाठीमागे अडकवायचा, उजव्या हातात फोन घ्यायचा, आणि सगळं फक्त अंगठ्याने करायचं. "हे इथपर्यंत पोचत नाहीये, वर घेते." पान सरकवायलाही लागू नये, सगळं एका नजरेत मावलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. शेवटी चार ओळी राहिल्या आणि खाली त्यांच्या टेबलावरचा फोन नंबर. फाइलचं नाव त्यांनी ठेवलं 'खाली'.

मग त्या खाली कारखान्यात गेल्या आणि पानाचा पत्ता स्टिकरवर छापून प्रत्येक बेडच्या कठड्याला लावायचं फोरमनच्या गळ्यात मारलं. तो म्हणाला, "बाई, बेडवर आधीच अकरा स्टिकर आहेत." ताई म्हणाल्या, "मग त्यातला एक काढा." कंपनीला मिळालेल्या बक्षिसाचा स्टिकर निघाला आणि ताईंचा लागला. तेव्हापासून बाहेर पडणारा प्रत्येक बेड तो पत्ता घेऊन जातो.

इथपर्यंत सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. मग नवे साहेब आले.

साहेब माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. वेळेवर येतात, चढ्या आवाजात बोलत नाहीत, दुसऱ्याचं श्रेय लाटत नाहीत. फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीसमोर आकडा लागतो. त्यांनी नवी वेबसाइट करायची ठरवली, आणि जी पानं कुणी उघडत नाही ती नव्या साइटवर न्यायची नाहीत असा नियम केला. नियम चुकीचा नव्हता. आमच्याकडे अकरा वर्षांपूर्वी बंद झालेल्या बेडच्या चाकांवरही एक पान होतं.

यादी मी काढली. पानाचं नाव आणि समोर वर्षभरात ते किती वेळा उघडलं गेलं तो आकडा. ती भिंतीवर लागली, आणि तळाशी, चाकांच्या पानाच्याही खाली, लिहिलं होतं: 'खाली', शून्य.

मी ते वाचलं आणि मला, खोटं कशाला बोलू, किंचित बरं वाटलं. सांगितलं होतं ना मी, मेनू नसेल तर कुणाला सापडणार नाही म्हणून.

ताईंनी यादी वरून खालपर्यंत वाचली. मग बैठकीत त्यांनी विचारलं, "पान किती वेळा उघडलं ते मोजणारा कोडचा तुकडा कुठे असतो?"

"साच्यात," मी म्हणालो, आणि तोंडातून शब्द बाहेर पडता पडता माझे कान गरम झाले. मोजणारा तुकडा साच्यात. ताईंचं पान साच्याबाहेर. ते पान हजार वेळा उघडलं असतं तरी माझ्या यादीत शून्यच आलं असतं. मी वजनकाट्यावर न ठेवलेल्या पोत्याचं वजन शून्य लिहून मोकळा झालो होतो.

"साहेब, चूक माझी आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? "ते पान कधी मोजलंच गेलं नाही."

"मग सर्व्हरच्या नोंदी बघा."

"सर्व्हर दुसऱ्या कंपनीचा आहे. नोंदी तीन दिवसांत पुसल्या जातात. आणि जे उरतं त्यात माणूस कोण आणि आपोआप पानं उघडणारा बॉट कोण, काही कळत नाही."

"हरकत नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "आता तुकडा लावा. महिनाभर बघू आणि मग ठरवू."

"नको," ताई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. महिनाभर मोजलं की पान टिकायची शक्यता होती, आणि बाई नको म्हणत होती.

"मोजायचं म्हणजे आधी परवानगी मागायला लागते," ताई म्हणाल्या. "त्या परवानगीची पट्टी अर्धा स्क्रीन झाकते. वर दोन बटणं, खाली बारीक अक्षरात पुराण. माणसाने एका हाताने पेशंटला धरलंय, आणि दुसऱ्या हाताने आधी आमच्या कुकीजना हो म्हणायचं?"

"ताई, पण आकड्याशिवाय मी वर काय सांगू?" साहेबांचा आवाज चढला नव्हता. "स्टिकरवरचा पत्ता मी बंद करत नाहीये. तो साइटवरच्या पुस्तिकेतल्या धड्याकडे वळवू. 'वीज नसताना बेड खाली आणणे.' तुम्हीच लिहिलाय तो. माहिती तीच आहे ना? सोमवारपर्यंत सांगा. मोजणी लावायची की पत्ता वळवायचा."

ताईंनी 'सोमवार' वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्या आल्याच नाहीत.

शनिवारी मी त्यांच्या घरी गेलो. माझी बायको म्हणाली, "माफी मागायची असेल तर फोनवर मागू नकोस, तू फोनवर भांडायला लागतोस." तिचं म्हणणं खरं आहे, म्हणून गेलो.

दार ताईंच्या यजमानांनी उघडलं. ते घड्याळं दुरुस्त करतात. कपाळावर भिंग तसंच होतं, त्यामुळे त्यांना तिसरा डोळा असल्यासारखा वाटत होता. "या, या. शून्यवाले का तुम्ही?" ते म्हणाले. म्हणजे घरात आपली कीर्ती पोचली होती. ताई रुसल्या वगैरे नव्हत्या. मुलीकडे जायचं होतं म्हणून शुक्रवारची रजा महिनाभर आधीच टाकली होती. मी उगाच एक रात्र तळमळलो.

चहा आतल्या खोलीत घेतला. ती सासूबाईंची खोली. इतकी लहान, की बेड होता तेव्हा दार अर्धंच उघडायचं आणि ताई आडव्या होऊन आत शिरायच्या. आता तिथे यजमानांचं कामाचं टेबल होतं, आणि फरशीवरच्या कार्पेटात बेडच्या चाकांचे चार खोल ठसे. टेबल मुद्दाम त्या ठशांच्या मधोमध ठेवलं होतं की जागाच तेवढी होती, ते मी विचारलं नाही.

"एकदा दुपारी वीज गेली," ताई सांगायला लागल्या. "बॅटरीही संपलेली. बेडची पाठ पूर्ण वर उचललेली आणि सासूबाई डावीकडे कलंडायला लागल्या. मी खांद्याखाली हात घातला. हे दुकानात. दुसऱ्या हातात फोन. साइट उघडली. आधी पट्टी, मग मेनू, मग त्या मेनूत आणखी मेनू. शोधात 'बेड खाली' लिहिलं तर सव्वीस पानं आली. अरे, मीच लिहिलेलं पान, आणि मलाच सापडेना."

"मग?"

"मग सापडलं. अकरा मिनिटांनी. त्या अकरा मिनिटांत मी स्वतःला ज्या शिव्या घातल्या, त्या तुला सांगायच्या नाहीत."

यजमान भिंगाखालून हसले. "मला सांगितल्यात. दोन माझ्यासाठीही नवीन होत्या."

मी माफी मागितली. ताईंनी ती हातानेच बाजूला सारली. "तू शून्य लिहिलंस त्याचं काही नाही. पण साहेब म्हणतात माहिती तीच आहे, आणि मला ते खोडता येत नाहीये. माहिती खरंच तीच आहे. बेड हाताने खाली आणायचं हँडल तेच, फिरवायचं तसंच. पान गेलं तर एखादी बाई माझ्यासारखी उभी राहील, एवढंच मला कळतंय, आणि ते आकड्यात मांडता येत नाही."

घरी येईपर्यंत मला माझा राग आला होता, आणि राग आला की माझं डोकं बरं चालतं. सोमवारी बैठकीआधी मी ताईंना विचारलं, "तळमजल्यावरचा गिऱ्हाइकांना दाखवायचा बेड रिकामा आहे का?"

त्यांना लगेच कळलं. साहेबांना मात्र पटवायला वेळ लागला. पण ते प्रयोगाला नाही म्हणणारे नव्हते. खाली गेलो. बेडची वायर काढली, बॅटरी काढली, पाठ पूर्ण वर. पेशंट म्हणून मी. सत्त्याऐंशी किलोचा पेशंट ताईंनी मुद्दाम निवडला असणार.

"साहेब, डावा हात त्याच्या खांद्याखाली घाला," ताई म्हणाल्या. "आणि तू अंग सोड. अगदी सोड."

मी सोडलं. साहेब वजनाने कण्हले. उजव्या हाताने त्यांनी फोनवर चाचणीसाठी चालू केलेली नवी साइट उघडली. पट्टी आली. अंगठा 'हो'पर्यंत पोचेना, फोन गादीवर पडला. उचलला. मेनू उघडला, मिटला. शोधात लिहिताना तीन वेळा चुकलं. मी इंचाइंचाने डावीकडे सरकत होतो आणि त्यांचा कोट माझ्या नाकाला घासत होता. ताई घड्याळ लावून उभ्या होत्या. सहाव्या मिनिटाला साहेब म्हणाले, "हात बधिर झाला," आणि थांबले. धडा उघडला होता. पहिल्या परिच्छेदात बेडच्या यंत्रणेची ओळख होती.

"आता स्टिकर," ताई म्हणाल्या.

मला पुन्हा मूळ जागी बसवलं, पुन्हा हात खांद्याखाली. साहेबांनी कठड्यावरचा पत्ता टाकला. एक गोष्ट इथे कबूल करतो. साडेतीन वर्षांत ते पान मी कधी वाचलं नव्हतं. पान उघडतंय की नाही तेवढं मी बघतो. वाचणं माझ्या कामात येत नाही.

साहेब मोठ्याने वाचायला लागले. "'उशा किंवा पांघरुणाची गुंडाळी दोन्ही बाजूंना लावा. मग हात काढा.'" त्यांनी उशा लावल्या. मी दोन्हीकडून पक्का झालो. मग साहेब म्हणाले, "हे आपल्या पुस्तिकेत नाहीये."

"पुस्तिका बेडची आहे," ताई म्हणाल्या.

"'हँडल पायाकडे, खालच्या बाजूला आहे. वाकण्याआधी त्यांना सांगा: मी इथेच आहे, फक्त खाली वाकतोय.'" साहेबांनी मान वर केली. "हे म्हणायलाच पाहिजे?"

"लिहिलंय ना."

साहेबांनी घसा खाकरला. इकडे तिकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून, बैठकीत बोलतात त्याच आवाजात म्हणाले, "मी इथेच आहे. फक्त खाली वाकतोय."

"बरं," मी म्हणालो. मला हसू येत होतं.

ते वाकले आणि दिसेनासे झाले. आणि माझं हसू गेलं. पाठ वर उचललेली, दोन्ही बाजूंना उशा, समोर फक्त भिंत आणि छताची ट्यूबलाइट. माणूस दोन हातांवर असतो, पण बेडवरून तो अजिबात दिसत नाही. ताईही माझ्या मागे होत्या. मला ठाऊक होतं की हा खेळ आहे, तरी मान उंचावून साहेब कुठे दिसतात का ते मी बघितलं. खालून खुडखुड आवाज आला.

"चौथी ओळ," ताई म्हणाल्या.

"'हँडल ओढून बाहेर काढा. डावीकडे फिरवा. चाळीस वेळा. फिरवताना बोलत राहा.'" खालून साहेबांचा आवाज आला. "काय बोलू?"



हँडल फिरायला लागलं. "हं. तर, आज सोमवार," साहेब म्हणाले. "साडेअकराला बैठक आहे. त्यानंतर, त्यानंतर कारखान्याचा अहवाल." पाठ हळूहळू खाली येत होती, बोटभर, आणखी बोटभर. "बुधवारी... बुधवारी काही नाही." मग ते गप्प झाले. फक्त हँडलचा आवाज. मी ट्यूबलाइटकडे बघत राहिलो. हाक मारावी असं वाटलं आणि कुणाला मारायची ते सुचेना.

"मला काही सुचत नाहीये बोलायला," साहेब खालून म्हणाले. हा बैठकीतला आवाज नव्हता. "मी इथेच आहे हं. येतच आलंय."

माझे डोळे भरून आले. आता कुणी काही म्हणो, आले ते आले.

बेड सपाट झाला. ताईंनी घड्याळ बघितलं, आकडा सांगितला नाही, आणि साहेबांनी विचारला नाही. ते बेडखालून उठले, गुडघे झटकले आणि हातातल्या फोनकडे बघत राहिले.

"किती लोक वाचतात हे, ताई?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे कधीच कळणार नाही?"

"खाली माझा नंबर आहे. बेड खाली आला नाही तर फोन करा, असं लिहिलंय. अजून एकही आलेला नाही."

साहेबांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे पान आहे तसं न्यायचं. मोजणी नको, पट्टी नको, मेनू नको. आणि यादीतला तो आकडा खोडा."

"खोडतो," मी म्हणालो. मी अजून आडवाच होतो. उठायचं सुचलंच नव्हतं. खरं सांगायचं तर कुणीतरी उठवायला येईल याची वाट बघत होतो.

ताई आल्या. माझ्या दोन्ही बाजूंच्या उशा काढल्या, पाठीखाली हात घातला आणि म्हणाल्या, "चल, ऊठ आता. झालं."